कोळसा शोधायला आले, बर्फाचा पत्ता लागला

मागचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं की ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, म्हणून याही भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. थोडी काटछाट केली आहे, एवढंच.

आजच्या विषयाची सुरुवात एका मुलीच्या प्रश्नापासून झाली. आमच्या धानोरा तालुक्यातल्या एका शाळेत मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता हवामानबदल. मी हिमालयातल्या हिमनद्यांचे फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. ग्रीनलंड दाखवलं, अंटार्क्टिका दाखवलं. मुलं शांतपणे बघत होती. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तिकडचा बर्फ वितळला तं आपल्याला का होते जी? आपल्याकडं तं बर्फच नाही."

मी काहीतरी उत्तर दिलं. समुद्र वाढेल, पाऊस बदलेल वगैरे. पण मुलीचं समाधान झालं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि खरं सांगू? माझंही झालं नाही. धानोऱ्यापासून समुद्र किती लांब! आमच्या वैनगंगेला हिमनदीचं पाणी येत नाही, वर्धेला येत नाही, पैनगंगेला नाही, इंद्रावतीलाही नाही. आमच्या सगळ्या नद्या पावसाच्या. मग त्या मुलीला काय सांगायचं?

घरी आलो आणि वाचायला बसलो. आणि मंडळी, पहिली गोष्ट कळली ती ही की त्या मुलीचं वाक्य अर्धं चूक होतं. आपल्याकडं बर्फ नाही, हे आजचं झालं. आपल्याकडं बर्फ होता. बारका नाही, डोंगर झाकून टाकेल एवढा. आणि त्याचा पुरावा कुठे सापडला? आपल्याच जुन्या चांदा जिल्ह्यात. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होईपर्यंत धानोरा चंद्रपुरातच होतं, त्यामुळे मी हक्काने आपल्याच म्हणतो.

आता गोष्ट नीट पहिल्यापासून सांगतो.

साल १८५६. कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था सुरू होऊन पाच वर्षं झालेली. प्रमुख थॉमस ओल्डहॅम. सरकारला कोळसा हवा होता, कारण रेल्वे सुरू झाली होती आणि इंजिनाला विलायतेहून कोळसा आणणं परवडणारं नव्हतं. तेव्हा ओल्डहॅमने नव्याने आलेल्या दोन भावांना ओडिशात तालचेरच्या कोळसाक्षेत्रात पाठवलं. विल्यम ब्लॅनफर्ड आणि हेन्री ब्लॅनफर्ड. सोबत विल्यम थिओबाल्ड. हेन्रीचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

तालचेरला त्यांना कोळशाच्या थरांच्या खाली एक विचित्र थर दिसला. बारीक, हिरवट गाळ, आणि त्या गाळात रुतलेले मोठमोठे गोटे. काही माणसाच्या उंचीच्या आसपासचे. यात विचित्र काय? आमच्याकडे पूर ओसरल्यावर नदीकाठी जाऊन बघा. जिथे पाण्याला जोर असतो तिथे गोटे पडतात, पुढे वाळू पडते, आणि पाणी संथ झालं की शेवटी चिखल बसतो. पाणी माल निवडून टाकतं, सुपात धान पाखडल्यासारखं. जे पाणी एवढा गोटा वाहून आणेल ते चिखल तिथे बसूच देणार नाही. आणि जिथे चिखल बसतो तिथे एवढा गोटा वाहून आणायची पाण्याची ताकद नाही. मग दोन्ही एकत्र आले कसे?

या तिघांनी लिहिलं की हे काम बर्फाचं असावं. बर्फाला लहान-मोठं कळत नाही. जे पोटात आलं ते सगळं उचलतो, आणि वितळला की सगळं एकाच जागी टाकतो.

आता याचं धाडस समजून घ्या. लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञाने युरोप कधीकाळी बर्फाखाली होता असं जाहीरपणे मांडलं ते १८३७ मध्ये. त्यावर युरोपातच वाद चालू होते. आणि इथे वीस वर्षांच्या आत तीन तरुण म्हणतायत की उन्हाने होरपळणाऱ्या ओडिशात बर्फ होता. बऱ्याच लोकांना ते पटलं नाही. पटावं तरी कसं? गोटे आणि चिखल एकत्र असणं हा संशय झाला, तो पुरावा नाही. पुरावा म्हणजे बर्फ जिथून सरकला त्या खडकावरची खूण.

ती खूण सापडली आपल्याकडे.

१८७० च्या दशकात सर्वेक्षणवाले वर्धा खोऱ्यात कोळसा शोधत होते. थिओडोर ह्यूजचा वर्धा खोऱ्याच्या कोळशावरचा मोठा अहवाल १८७७ मध्ये निघाला. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण याच काळातली. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं, पण त्या काळात वरोरा म्हणजे कोळसा. या सर्वेक्षणात फ्रान्सिस फेडन नावाचा माणूस होता. चंद्रपूरच्या पश्चिम-नैऋत्येला साधारण दहा मैलांवर, पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. चंद्रपूरजवळून वाहते ती इरई नदी वेगळी, धरणही त्या नदीवर आहे. हे गाव पैनगंगेचं. तिथून खाली वढ्याला पैनगंगा वर्धेला मिळते, जिथे कार्तिकात यात्रा भरते.

इरईला फेडनला काय दिसलं? खाली चुनखडीची फरशी. तीच चुनखडी, जिच्यावर आज गडचांदूर-कोरपना भागातले सिमेंट कारखाने चालतात. त्या फरशीवर तालचेरसारखाच गोट्यांचा थर. आणि थर जिथून धुऊन गेला होता तिथे चुनखडीचा पृष्ठभाग गुळगुळीत घासलेला, आणि त्यावर लांबच लांब ओरखडे. एकमेकांना समांतर. गोट्यांवरही तसेच ओरखडे, एखादी बाजू चपटी झिजलेली.

सुताराकडे घासकागद बघितलाय ना? कागद काही लाकूड घासत नाही, कागदाला चिकटलेली वाळू घासते. हिमनदीचं अगदी तसंच. बर्फ मऊ, पण त्याच्या तळाशी गोठून अडकलेले दगड असतात. वर शेकडो मीटर बर्फाचं ओझं, आणि सगळं हळूहळू एका दिशेला सरकतंय. खालच्या खडकावर रेषा उमटणारच. नदी खडक गुळगुळीत करते, खड्डे पाडते, पण पट्टी लावून आखल्यासारख्या समांतर रेषा मारत नाही.

फेडनचा लेख १८७५ मध्ये छापून आला. उष्ण भारतात बर्फाच्या कामाचा पुरावा, असा त्याचा विषय. तेव्हा तो पाण्याच्या तळाशी धरणाऱ्या बर्फाबद्दल बोलत होता. पूर्ण हिमनद्यांचं चित्र पुढे हळूहळू स्पष्ट झालं. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी इरईच्या याच फरशीवर आणि गोटेथरावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनीही जगातल्या अभ्यासकांना पैनगंगेच्या काठावर यावंसं वाटत होतं. मला मात्र चाळिशी उलटेपर्यंत हे नाव माहीत नव्हतं. शाळेत आम्ही आल्प्सची हिमनदी पाठ केली होती.

या थराचं वय आज साधारण ३० कोटी वर्षं धरतात.

आता पुढचा प्रश्न. चंद्रपुरात बर्फ आला कुठून? मे महिन्यात जिथे पारा ४६-४७ अंशांवर जातो तिथे?

याचं उत्तर आमच्या नावात आहे. १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने या खडकांच्या सगळ्या मालिकेला, म्हणजे खाली बर्फाचा थर, वर कोळसा, त्याच्या वर वाळूचे दगड, एक नाव दिलं: गोंडवाना. गोंडांचा मुलूख. पुढे ऑस्ट्रियाच्या एदुआर्द झ्यूस यांनी तेच नाव एका हरवलेल्या महाखंडाला दिलं. कारण असं झालं की भारतातला हा क्रम, बर्फाचा थर आणि त्यावर कोळसा, दक्षिण आफ्रिकेत सापडला, ऑस्ट्रेलियात सापडला, दक्षिण अमेरिकेत सापडला. आणि कोळशात सगळीकडे एकच पान. ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचं, मधोमध ठसठशीत शीर, बाजूला जाळीदार शिरा.

१९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना साथीदारांसह मेला. त्यांच्या सामानाबरोबर साधारण १६ किलो दगड मिळाले. माणसं उपाशी, थकलेली, स्लेज स्वतः ओढतायत, तरी दगड टाकून दिले नाहीत. त्या दगडांत हेच पान होतं. वर्धा खोऱ्याच्या कोळसाथरांतही हेच पान मिळतं. म्हणजे अंटार्क्टिका आणि चंद्रपूर एकाच जंगलाचे दोन तुकडे!

त्याच १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने भूखंड सरकतात ही कल्पना मांडली. त्याच्या पुराव्यांत या बर्फाला मोठी जागा होती. आजच्या नकाशावर हे हिमथर टाकले तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले दिसतात, काही अर्थ लागत नाही. खंड एकत्र जोडले की सगळे दक्षिण ध्रुवाभोवती गोळा होतात. चंद्रपुरात बर्फ आला नव्हता मंडळी, चंद्रपूरच बर्फाच्या मुलखात होतं.

हा वेगेनर मेला कुठे? ग्रीनलंडच्या हिमचादरीवर. १९३० मध्ये, नोव्हेंबरच्या थंडीत, बर्फाच्या मध्यभागी राहणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना सामान पोचवून परतताना. त्याची मोहीम बर्फात छोटे स्फोट करून, त्याचा आवाज खालच्या खडकावरून परत यायला किती वेळ लागतो यावरून बर्फाची जाडी मोजत होती. म्हणजे आमच्या जुन्या बर्फाचं कोडं सोडवणारा माणूस जिवंत बर्फाचं मोजमाप करताना गेला.

आता हेन्री ब्लॅनफर्डकडे परत येऊ. तालचेरला ते गोटे बघणारा तरुण. १८७५ मध्ये, म्हणजे फेडनचा लेख छापून आला त्याच वर्षी, भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि त्याचा पहिला प्रमुख झाला हा हेन्री ब्लॅनफर्ड. लगेच १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. सरकार विचारू लागलं, पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्डने जुन्या नोंदी चाळल्या, आणि १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध दिला: हिमालयात हिवाळ्या-उन्हाळ्यात बर्फ जास्त पडला की पुढे हिंदुस्थानात कोरडे वारे आणि पावसाची ओढ. कारण सोपं होतं. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, आणि उरलेलं ऊन तो वितळवण्यात खर्च होतं. जमीन तापायला उशीर. जमीन तापली नाही तर समुद्रावरचे वारे ओढले जात नाहीत. या आधारावर १८८६ पासून मान्सूनचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज नियमित निघू लागला.

पुढे कळलं की मान्सून एकट्या हिमालयाच्या बर्फावर चालत नाही. प्रशांत महासागर आहे, हिंदी महासागर आहे, आणि बर्फाचं नातंही दर वर्षी सारखं राहत नाही. पण पहिला धागा ब्लॅनफर्डला दिसला. आमच्याकडे मृगात पऱ्हे टाकायचे की थांबायचं, रोवणीला बांधीत पाणी साचेल की नाही, हे सगळं ज्या पावसावर, त्या पावसाचा पहिला सरकारी अंदाज लांबच्या बर्फाकडे बघून केला गेला होता. हे त्या मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर समजण्यासाठी आज हिमनदीचा अभ्यास कसा करतात ते बघू.

हिमनदी म्हणजे धानाची कणगी समजा. हिवाळ्यात वरून बर्फ पडतो, ती भरती. उन्हाळ्यात खालच्या अंगाला वितळतो, तो खर्च. वर्षाअखेरीला कणगीत वाढ की घट, हा सगळा हिशेब. तो कसा करतात? हिमनदीत खोल भोकं पाडून काठ्या रोवतात. हिमालयात बऱ्याच ठिकाणी चक्क बांबूच्या काठ्या! हे वाचून मला फार बरं वाटलं, बांबूच्या मुलखातला माणूस मी. उन्हाळा संपताना जाऊन बघायचं, काठी किती उघडी पडली. दीड मीटर जास्त उघडी पडली, तर तिथे दीड मीटर बर्फ गेला. वरच्या भागात खड्डा खणून नव्या बर्फाचा थर मोजतात. दोन्हींचा मेळ घालतात.

हे काम करणारी आपली मुख्य संस्था गोव्यात आहे, वास्कोला. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती. बाहेर नारळाची झाडं, आणि आत उणे वीस अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दांडे. अशा दांड्यांमधले जुने थर आणि हवेचे बुडबुडे यांवरून तेव्हाची हवा कशी होती ते वाचता येतं. याच संस्थेचं 'हिमांश' नावाचं ठाणं २०१६ पासून हिमाचलात स्पितीकडे, साडेतेरा हजार फुटांच्या वर आहे. तिथून सुत्री ढाका, बातल, बडा शिगरी अशा हिमनद्यांवर लक्ष ठेवतात.

काठ्या सगळीकडे रोवता येत नाहीत, म्हणून उपग्रह. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचं क्षेत्र १९६२ च्या नकाशांशी ताडून पाहिलं. २,०७७ चौरस किलोमीटरचं १,६२८ झालं होतं. म्हणजे २१ टक्के घट. यातली बारकी गोष्ट ही की छोट्या हिमनद्यांचं नुकसान मोठ्यांपेक्षा जास्त. मोठी तुटून दोन-तीन छोट्या झाल्या की पुढे घट आणखी वेगाने. शेतीच्या वाटण्या झाल्यावर प्रत्येकाच्या हिश्श्याला काय येतं, तसंच.

आणि सगळ्या हिमनद्या सारख्या वागत नाहीत. बर्फावर धुळीचा पातळ थर बसला तर तो ऊन पितो आणि बर्फ लवकर वितळतो. पण दगडमातीचा जाड थर असला तर तो पांघरुणासारखा बर्फाला वाचवतो. शिवाय हिमनदीचं टोक आज जिथे दिसतं ते आजच्या हवेचं उत्तर नसतं. मोठ्या हिमनदीला उत्तर द्यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. त्यामुळे आज तापमान वाढायचं थांबलं तरी ती काही काळ मागे सरकतच राहील. तरी एकूण कल स्पष्ट आहे. काठमांडूच्या पर्वतीय विकास केंद्राने २०२३ च्या अहवालात सांगितलं की हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांची घट २०११ ते २०२० मध्ये आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने झाली.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या हिमचादरी मोजायला २००२ पासून जुळे उपग्रह वापरतात. एकामागोमाग एक, साधारण सव्वादोनशे किलोमीटर अंतर राखून फिरतात. खाली बर्फाचं ओझं जास्त असेल तर पुढचा आधी ओढला जातो, अंतर किंचित बदलतं. त्यावरून खालचं वजन काढतात. अख्ख्या ग्रीनलंडला वजनकाट्यावर ठेवल्यासारखं. ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर जगाचा समुद्र सुमारे सात मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा गेला तर पन्नास मीटरहून जास्त. हे उद्या होणार नाही. पण त्यातला थोडासा भाग गेला तरी मुंबई आणि कोकण किनाऱ्याला पुरेसं आहे.

अंटार्क्टिकातलं आपलं 'भारती' केंद्र २०१२ पासून लार्समन टेकड्यांवर आहे. त्याच बाजूला लॅम्बर्ट हिमनदी, जगातल्या सगळ्यात मोठ्या हिमनद्यांपैकी एक. ती ज्या खचलेल्या दरीतून वाहते ती दरी गोंडवानाच्या काळात आपल्या महानदी खोऱ्याला जोडलेली होती, असं भूवैज्ञानिक मानतात. महानदी खोऱ्यातच तालचेर! म्हणजे जुन्या दरीचं एक टोक इकडे, कोळसा आणि ऊन घेऊन. दुसरं टोक तिकडे, अजून बर्फाखाली.

मग इकडचा बर्फ गेला कसा? इथे गोष्ट माझ्या घरात येते.

गोट्यांच्या थरावर बारीक शेलचे थर आहेत, मग वाळूचे दगड, आणि त्यावर कोळसा. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला या हिमथरांच्या जोडीला चक्क समुद्रातल्या शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि मध्य भारतात आत शिरला, असा त्याचा अर्थ लावतात. समुद्र धानोऱ्यापासून लांब आहे असं मी म्हणालो ना सुरुवातीला? एकदा तो बराच जवळ आला होता.

बर्फ जाण्यामागे हवेतल्या कार्बन डायऑक्साईडचा मोठा हात. २००७ मध्ये इझाबेल मोंतान्येझ आणि सहकाऱ्यांनी त्या काळातली माती, वनस्पतींचे अवशेष आणि शिंपले तपासून दाखवलं की कार्बन वाढला की हिमचादरी आखडत, घटला की पसरत. हे पुढे-मागे लाखो वर्षं चाललं, आणि शेवटी बर्फ गेला. मागे दलदल उरली. तिच्यात ग्लॉसोप्टेरिसची जंगलं उभी राहिली, पडली, दबली. हवेतला कार्बन पानांत, पानांतून कोळशात गेला आणि जमिनीत कुलूपबंद झाला.

माझा मोठा भाऊ, दादा, चंद्रपूरकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. माझं कॉलेज दादाच्या पगारावर झालं, या पॉडकास्टचा माइक त्याने घेऊन दिला. ही सगळी गोष्ट मी पहिल्यांदा त्यालाच सांगितली, दिवाळीला तो घरी आला तेव्हा. कोळशाच्या खाली बर्फाचा थर आहे म्हटल्यावर तो हसला. मग म्हणाला की खाणीत पानांचे ठसे त्याने बघितलेत, पोरं मोबाइलमध्ये फोटो काढतात. मी पुढे बोलत गेलो. औद्योगिक काळाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. जंगलांनी लाखो वर्षांत जमा केलेलं आपण दीडेकशे वर्षांत उघडलंय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग मी का करू? डंपर सोडून देऊ का बे?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. हा पॉडकास्ट तुम्ही ज्या विजेवर ऐकताय तीही बहुतेक कोळशाचीच असेल. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र राज्याच्या सगळ्यात मोठ्या वीज केंद्रांपैकी एक आहे, आणि त्याची राख चंद्रपूरकरांच्या छतावर पडते, मुंबईकरांच्या नाही. उद्या कोळसा कमी करायचा ठरला, आणि तो करावाच लागेल, तर दादासारख्या माणसांच्या घरचं काय, हा प्रश्न त्याच कागदावर लिहिला पाहिजे. ध्रुवाकडच्या बर्फाचा हिशेब करताना खाणीतल्या माणसाचा हिशेब सोडून दिला तर आमच्या जिल्ह्यात तो कुणाला पटणार नाही. पटूही नये.

पण दादाला मी एक गोष्ट सांगू शकलो. फेडन आणि ह्यूज इथे बर्फाचा अभ्यास करायला आले नव्हते, कोळसा शोधायला आले होते. गोट्यांचा थर दिसला की तो गोंडवाना थरांचा तळ, कोळसा असेल तर त्याच्या वर, एवढाच त्यांच्या कामाचा भाग होता. तरी त्यांनी ते ओरखडे नोंदवून ठेवले. म्हणून आज आपल्याला माहीत आहे की हिमचादर कायमची नसते. ती हवेला उत्तर देते. फरक वेगाचा आहे. तेव्हा त्या बदलाला लाखो वर्षं मिळाली आणि जंगलांना, प्राण्यांना सरकायला वेळ होता. आता बदल एका माणसाच्या आयुष्यात दिसतोय. १९६२ चा नकाशा काढणारा माणूस २००७ चा आकडा बघायला जिवंत असू शकला असता.

धानोऱ्याखाली कोळसा नाही. आमचा खडक त्याहून कितीतरी जुना. आमच्याकडे जंगल आहे. याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या गावांपैकी ते एक. आणि तिथल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट चालवले. बाहेरचा माणूस बोलवायचा, ऐकायचं, प्रश्न विचारायचे, मग गावाने ठरवायचं. मला वाटतं बर्फाचा विषय असाच शिकवायला हवा. फोटो दाखवून घाबरवायचं नाही, आपल्या पायाखालून सुरुवात करायची.

त्या शाळेत मी परत जाणार आहे, पावसाळ्याआधी. वर्गात नकाशा लावून इरईवर बोट ठेवणार आहे, आणि त्या मुलीला सांगणार आहे: बाई, तू विचारलंस ते बरं केलंस. तिकडचा बर्फ वितळला तर आपल्या रोवणीच्या पावसावर परिणाम होऊ शकतो. आपल्या रेशनचा गहू ज्या नद्यांच्या पाण्यावर पिकतो त्या नद्यांना हिमनद्यांचं पाणी आहे. आणि तो बर्फ वितळवणाऱ्या धुरातला थोडा आपल्या जिल्ह्याच्या जमिनीतून निघालेला आहे. आपल्याकडं बर्फ होता. तो गेला तेव्हा काय काय झालं ते पैनगंगेच्या काठी दगडावर लिहिलेलं आहे.

ती पुढे काय विचारते ते बघू. बहुतेक दादासारखंच काहीतरी विचारेल. तेव्हा तुमच्यापैकी कुणी कोळसा खाणीत, वीज केंद्रात काम करत असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी करत असेल, तर मला नक्की लिहा. पुढच्या भागात वरोऱ्याच्या जुन्या खाणीची गोष्ट सांगायचा विचार आहे, आणि त्यात खाणवाल्यांचंच बोलणं घ्यायचं आहे.

तोवर, राम राम. जय सेवा.